एक खोली, 22 अर्ज

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार खोल्यांचं घर, तिघं मिळून राहतात, चौथी खोली महिनाअखेरीस रिकामी होतेय. जाहिरात टाकल्यावर दोन दिवसांत 22 जणांनी संपर्क साधला. तिघांपैकी एकीचं म्हणणं, ‘भेटल्यावर कळतंच माणूस कसा आहे ते.’ दुसऱ्याला सगळ्यांकडून सगळी कागदपत्रं हवी आहेत. आणि तिसऱ्याचा एक जुना मित्रच अर्जदारांत आहे. कुणावर अन्याय न होता निवड कशी करायची?

मी 16 वर्षं अशी घरं सांभाळतेय. आधी त्यांत राहिले, नंतर मालकांच्या वतीने खोल्या भरायचं काम करायला लागले. तेव्हा पहिल्यांदा तुमच्या त्या ‘भेटल्यावर कळतंच’ वाल्या मैत्रिणीबद्दल बोलते, कारण मीही तशीच होते.

सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एका खोलीसाठी दोघं एकाच संध्याकाळी आले. पहिल्याला माझ्यासारखंच आकाशदर्शनाचं वेड होतं. दुर्बिणी, ग्रहणं, ढगांनी केलेले घात, दीड तास गप्पा रंगल्या. दुसरा जरा अवघडलेला. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि विचारायला लागला: वीजबिल कसं वाटता, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, कुणी मधेच सोडून गेलं तर त्याचं भाडं कोण भरतं. तो गेल्यावर आम्ही हसलो. ‘फारच हिशेबी आहे बुवा.’ खोली दुर्बीणवाल्याला दिली. चार महिन्यांनी त्याच्याकडे तीन बिलांचे पैसे थकले होते आणि त्याचा एक मित्र सलग पाचवा आठवडा हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होता. त्याने आम्हाला फसवलं असं मी आजही म्हणणार नाही. बिलांबद्दल आणि पाहुण्यांबद्दल आम्ही त्याला एक शब्द विचारला नव्हता. त्या हिशेबी माणसाला मात्र आज मी दोन मिनिटांत किल्ली दिली असती.

मानसशास्त्रात याला प्रभामंडल परिणाम म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवलं की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांवर मार्क देतात, पण एका गुणाची छाप बाकी सगळ्यांवर पडते. आमच्या बाबतीत गप्पा रंगल्या म्हणून तो भांडीही घासेल असं आम्ही मनातल्या मनात धरून चाललो. आणि यातली खरी ग्यानबाची मेख अशी, की गप्पा कुणाशी रंगतात? जो आपल्यासारखं बोलतो, आपल्यासारखाच वाढलाय, आपल्याच वर्तुळातला आहे त्याच्याशी. म्हणजे ‘मन जुळलं’ या निकषावर निवड केली की कुणालाही वाईट वागवायचा हेतू नसताना ठरावीक माणसं दरवेळी दाराबाहेरच राहतात.

म्हणून माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो: माणसं बघायच्या आधी निकष ठरवायचे, आणि माणूस बघितल्यावर ते बदलायचे नाहीत. बाकी सगळे यातून निघणारे तपशील आहेत.

आज रात्री तिघं बसा. प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहा, मागच्या वर्षभरात या घरात कशाकशावरून कुरबुर झाली. लिहून झाल्यावरच एकमेकांना दाखवा. माझा अनुभव असा, की ‘स्वभाव’ हा शब्द त्या कागदांवर क्वचितच येतो. येतं काय, तर सिंकमधली भांडी, बाथरूममधले केस, रात्री साडेबाराला फोनवरचा मोठा आवाज, न सांगता राहायला आलेला पाहुणा, आणि 5 तारखेचं भाडं 19 तारखेला. हेच तुमचे निकष. माझ्या खणातल्या कागदावर गेली कित्येक वर्षं पाचच ओळी आहेत: पैसे वेळेवर, स्वयंपाकघर आणि बाथरूम, आवाज आणि वेळा, पाहुणे, वाद झाला तर बोलतो की धुमसतो. प्रत्येकापुढे 0 ते 3.

यात एक प्रामाणिकपणा लागतो. तुम्ही तिघंही भांडी रात्रभर ठेवत असाल तर नव्या माणसाकडून आरशासारखं स्वयंपाकघर मागू नका. एकदा एका अर्जदाराने सरळ सांगितलं, ‘रात्री दमलेली असते, भांडी सकाळी घासते, पण सकाळी नक्की घासते.’ त्या घरात तिला मी पूर्ण 3 दिले, कारण ते घरही तसंच होतं. दुसऱ्या एका घरात याच उत्तराला 1 मिळाला असता.

आता जाहिरात. तुमची टाकून झालीये, पण त्यातली एक ओळ पुन्हा वाचा: ‘सभ्य, समविचारी, चांगल्या घरातल्या व्यक्तीस प्राधान्य.’ हे शब्द पडद्यासारखे असतात, मागे काय आहे ते वाचणाऱ्याने ताडायचं. ज्याला आयुष्यात चार ठिकाणी नकार मिळालाय तो ही ओळ वाचून फोनच करत नाही, आणि आपण म्हणतो, ‘तसे कुणी अर्जच करत नाहीत.’ माणसाचा गट लिहू नका, हवं ते वागणं लिहा. ‘विद्यार्थी नकोत’ याच्या पोटात बहुतेक वेळा ‘रात्री 11 नंतर शांतता हवी’ एवढंच असतं. मग तेवढंच लिहा. शांत विद्यार्थी येतील आणि गोंगाट करणारे नोकरदार आपणहून गळतील. घराचे दोषही तिथेच सांगा. खोलीत दुपारचं ऊन तापतं, एक बाथरूम दोघांत आहे, खालच्या मजल्यावर सकाळी सातला ठोकाठोक सुरू होते. दोष लिहिले की अर्ज कमी येतात, पण आलेल्यांतून निवडणं सोपं जातं.

22 अर्ज आलेच आहेत, तर सगळ्यांना एकच मजकूर पाठवा. घराची माहिती, घरातले नियम, भाडं, अनामत, आणि त्याखाली चारपाच प्रश्न. उत्तर द्यायला दीडदोन दिवसांची मुदत द्या. ‘जो आधी उत्तर देईल तो आधी’ हे वरवर निष्पक्ष वाटतं, पण त्यात दिवसभर फोन हातात असणारा जिंकतो आणि पाळीत काम करणारा हरतो. मुदत संपल्यावरच उत्तरं उघडा, आणि जमलं तर तिघांपैकी एकाने नाव आणि फोटो काढून फक्त उत्तरं इतर दोघांपुढे ठेवावीत. हा उपद्व्याप कशाला, असं वाटेल. बेंजामिन एडलमन, मायकेल लुका आणि डॅन स्विर्स्की यांचा 2017 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकेतल्या पाच शहरांत एअरबीएनबीवरच्या (थोड्या दिवसांसाठी घर-खोली भाड्याने देणारं संकेतस्थळ) सुमारे 6,400 यजमानांना विनंत्या पाठवल्या. सगळी माहिती सारखी, फक्त नावं वेगळी. आफ्रिकन-अमेरिकन वाटणाऱ्या नावांना होकार सुमारे 16 टक्क्यांनी कमी मिळाले. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो: ज्या यजमानांकडे आधी कधीच आफ्रिकन-अमेरिकन पाहुणा आला नव्हता, त्यांच्यात हा फरक सर्वाधिक होता.

उत्तरांवरून सहासात जणांना बोलवा. 22 जणांना घर दाखवत बसू नका, दहाव्यानंतर चेहरे एकमेकांत मिसळतात. (गणितात यावर एक प्रसिद्ध कोडं आहे: पहिले 37 टक्के उमेदवार फक्त बघून सोडायचे आणि मग त्यांच्याहून सरस दिसेल तो पहिला निवडायचा. तुमच्या हिशेबाने पहिले आठ जण नुसती चक्कर मारून परत. ते गणित मागे वळून निवडता येत नाही असं धरून चालतं. तुम्हाला येतं, तेव्हा तो मोह नको.)

भेट अर्ध्या तासाची ठेवा. तिघंही हजर, प्रश्नांचा क्रम तोच. आणि प्रश्न घडून गेलेल्या गोष्टींबद्दल हवेत. ‘तू टापटीप आहेस का?’ याला आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. त्याऐवजी: मागच्या घरात साफसफाई कशी वाटून घेतली होती? शेवटचा वाद कशावरून झाला आणि तो मिटला कसा? भाडं द्यायला कधी उशीर झाला होता का, तेव्हा काय केलंस? या शेवटच्या प्रश्नाला ‘कधीच नाही’पेक्षा ‘एकदा झाला होता, पगार अडकला होता, मी आठवडाभर आधी सांगितलं’ हे उत्तर मला जास्त आवडतं. वादाच्या प्रश्नात ऐकायचं एवढंच, की गोष्टीत सांगणाऱ्याची स्वतःची काही चूक कुठे येते का. तीन घरं सोडली आणि तिन्हीकडे बाकीचेच विचित्र होते, असं निघालं तर मी 0 देते.

दाराशी अंदाज बांधणं किती महागात पडतं याचा एक प्रसंग. एक मुलगी रात्रपाळीवर काम करणारी होती. ते कळताच घरातल्या एकाने तोंड वाकडं केलं, आता रोज पहाटे दार वाजणार. मी तिला विचारलं, मागच्या घरात कसं जमवायचीस? म्हणाली, ‘चपला बाहेरच काढते, कुलपाला अधूनमधून तेल घालते म्हणजे खटका वाजत नाही. माझंच एक सांगणं आहे, सकाळी 10 पर्यंत कपड्यांचं मशीन लावू नका, ते माझ्या भिंतीला लागून आहे.’ घरात शिरून पाच मिनिटं झाली होती आणि मशीन कुठल्या भिंतीला लागून आहे हे तिने हेरलं होतं. ती तिथे तीन वर्षं राहिली. तोंड वाकडं करणाऱ्याचं म्हणाल तर तो आठव्या महिन्यात गेला, पण तो वेगळा विषय.

माणूस दाराबाहेर पडला की लगेच, आपसात एक शब्दही न बोलता, तिघांनी आपापल्या कागदावर मार्क लिहायचे. एकाने ‘मस्त होती ना!’ म्हटलं की बाकी दोघांचे मार्क तिकडे झुकलेच समजा. डॅनियल कानेमान यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधी, 1955 च्या सुमारास, विशीतले असताना त्यांच्याकडे इस्रायली सैन्यात भरतीच्या मुलाखती सुधारायचं काम आलं होतं. त्यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकावर ठोस प्रश्न काढले आणि एका गुणाचे मार्क दिल्यावरच पुढच्या गुणाकडे जायचा नियम केला. मुलाखत घेणारे वैतागले, आम्हाला यंत्र बनवताय म्हणाले. म्हणून त्यांनी शेवटी एक सवलत दिली: सगळे मार्क लिहून झाले की डोळे मिटा आणि अंतर्मन काय म्हणतं तोही एक मार्क द्या. पुढे दिसलं की तो शेवटचा मार्कही चांगलाच उपयोगी पडतो. ‘भेटल्यावर कळतंच’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला हे जरूर सांगा. तिच्या अंतर्मनाला जागा आहे, फक्त सहाव्या ओळीत. आधी पाच ओळी भरायच्या.

आता कागदपत्रांवर भर देणाऱ्याकडे येते. 22 जणांची ओळखपत्रं, पगारपत्रकं, बँकेचे तपशील मागवून तुम्ही करणार काय? ते तुमच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहणार. ज्याला खोली द्यायचं ठरलंय त्याच्याकडूनच मागा, मूळ कागद बघा आणि परत करा. प्रत लागत असेल ती करारासाठी, घरमालकाला. आणि खोली बघण्याआधी अनामत किंवा ‘नोंदणीचे’ पैसे घ्यायचे नाहीत. फसवणारे असंच करतात, त्यामुळे शहाणा अर्जदार तिथूनच पाठ फिरवतो.

उत्पन्नाचं म्हणाल तर ‘भाडं उत्पन्नाच्या 30 टक्क्यांत बसलं पाहिजे’ असा एक ठोकताळा सगळीकडे फिरतो. त्याचा उगम गमतीशीर आहे. अमेरिकेत सरकारी घरांमधल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या 25 टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही अशी मर्यादा 1969 मध्ये आली, 1981 मध्ये ती 30 टक्क्यांवर नेली. म्हणजे भाडेकरूला जपायला केलेला नियम आज भाडेकरूला गाळायला वापरला जातो. कमी पगारातही वर्षानुवर्षं वेळेवर भाडं भरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि जाडजूड पगाराचे थकबाकीदारही. मला दोनच गोष्टी बघायच्या असतात: मागच्या सहा महिन्यांचं भाडं तारखेला गेलंय का, आणि नोकरी सुटली तर दोन महिने कसे निघतील. त्याला बचत, हमीदार, आगाऊ महिना, काहीही उत्तर चालतं.

चौकशीचा फोन करायचा तर शक्यतो आधीच्या घरातल्या सोबत्याला करा. सध्याच्या घरमालकाचा त्यात स्वार्थ असू शकतो. नकोसा भाडेकरू जावा म्हणून तो तोंडभरून कौतुक करेल आणि हवासा राहावा म्हणून हात राखून बोलेल. मी एकच प्रश्न विचारते, ‘तुम्ही पुन्हा याच्यासोबत राहाल का?’ उत्तराआधी किती वेळ जातो ते ऐका. जो पहिल्यांदाच घराबाहेर पडतोय त्याच्याकडे असा सोबती नसणार. तो त्याचा दोष धरू नका. वसतिगृह, कामाची जागा, कुठलाही गट जिथे त्याने जबाबदारी वाटून घेतली असेल, तिथली व्यक्ती चालेल.

काय विचारायचं नाही? माझी कसोटी सोपी आहे: उत्तर मिळाल्यावर घरातलं काय बदलणार? धर्म, जात, लग्न कधी, मूल होणार का, कुठलं औषध चालू आहे, मत कुणाला देता, कुणावर प्रेम करता, यांतल्या कशानेही सिंक स्वच्छ होत नाही. हे प्रश्न ‘सहज’ म्हणूनही नकोत, कारण समोरचा खोली मागायला आलाय, ‘सांगत नाही’ म्हणायची मोकळीक त्याला नसते. आणि एकदा ऐकलेलं मनातून खोडता येत नाही.

याला एक कठीण बाजू आहे. ज्या घरात बाथरूम सामायिक, दरवाजे पातळ, तिथे बायकांना फक्त बाईच हवी असेल तर ती अट मी अन्याय मानत नाही. तिचा संबंध थेट त्यांच्या सुरक्षिततेशी आणि मोकळेपणाशी आहे. ती जाहिरातीत उघड लिहा, म्हणजे कुणाची फेरी फुकट जाणार नाही. अमेरिकेत 1968 चा गृहनिर्माणातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा कडक आहे, तरी तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलं की आपल्याच घरात सोबत कोण राहणार या निवडीला तो लागू होत नाही. देशोदेशी ही रेषा वेगळी आहे. घरमालकाला जे निषिद्ध असतं ते सोबती निवडणाऱ्यांना अनेकदा चालतं, पण जाहिरातीत चालेलच असं नाही. तुमच्याकडचा नियम आणि तुमचा भाडेकरार आधी वाचा. करारात मालकाची संमती लागते असं असेल तर त्याला शेवटी सांगू नका, आत्ताच निकषांचा कागद दाखवा. नाहीतर तुमची सगळी निष्पक्ष निवड तो एका फोनवर मोडीत काढेल, आणि त्याचं कारण तुम्हाला सांगणारही नाही. माझ्यासोबत हे दोनदा झालंय. दुसऱ्यांदा मी ते घर सांभाळायचं सोडलं.

कायद्याने मोकळीक दिलीय म्हणून ती वापरलीच पाहिजे असं मात्र नाही. एखादी अट लिहिताना हात अडखळला तर ती समोर बसलेल्या अर्जदाराला कारणासकट सांगता येईल का, ते बघा.

भेटीत अर्जदारालाही घर तपासू द्या. दहा मिनिटं खोलीत एकटं सोडा, नळ सुरू करून बघू दे, खिडकी उघडू दे. जो खोली सोडून जातोय त्याच्याशी तुमच्यामागे बोलू दे. तुमच्यात परवाच भांडण झालं असेल तर तेही सांगा.

दोघांचे मार्क सारखे आले तर आणखी खणत बसू नका. तिथून पुढे जे कारण सापडेल ते बहुतेक ‘आपल्यासारखा आहे’ हेच असेल. सरळ चिठ्ठ्या टाका. मी टाकलेल्या आहेत, आणि ज्याची चिठ्ठी आली नाही त्याला तसं सांगितलंही आहे. नकारांमध्ये हा एकच नकार असा होता की ऐकणारा हसला.

बाकीच्यांना नकार त्याच दिवशी कळवा, दोन ओळींत. ‘खोली दुसऱ्यांना दिली, वेळ दिल्याबद्दल आभार.’ ठोस कारण असेल, म्हणजे तारीख जुळली नाही किंवा कुत्रा आणता येणार नव्हता, तर ते लिहा. नसेल तर बनवू नका. दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीला मात्र खरं सांगा: पहिल्याची अनामत शुक्रवारपर्यंत आली नाही तर तुम्हाला विचारू, तोवर तुम्ही दुसरीकडे बघायला मोकळ्या आहात. आणि ‘आधी एक महिना राहून बघ’ ही अट घालायची तर निकषांसोबत आधीच ठरवा, जो येईल त्याच्यासाठी. ज्याच्याबद्दल शंका वाटतेय त्याच्यापुरतीच ती काढायची नाही.

राहिला तुमच्यातल्या तिसऱ्याचा मित्र. त्याला वगळू नका आणि पुढेही आणू नका. तोच मजकूर, तीच मुदत, तोच अर्धा तास. त्याच्या वेळी तुमच्या तिसऱ्याने मार्क द्यायचे नाहीत, उरलेल्या दोघांची सरासरी धरायची. भेटीत तो हजर नसला तर उत्तम, नाहीतर प्रश्नाची उत्तरं तोच देत बसतो. आणि मित्राला बोलवायच्या आधी तुमच्या तिसऱ्याला एकट्याला गाठून विचारा, तुझ्या मित्राने उद्या भाडं थकवलं तर ते मागायला तू जाशील का? एका घरात मी हे विचारलं तेव्हा तो मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘त्याला कळवतो मी, खोली गेली म्हणून.’ मी म्हटलं, अजून गेलेली नाही, अर्ज त्याचा आहे, मागे घ्यायचा तर त्याने घ्यायचा. त्याला बोलावलं, इतरांसारखंच. मार्कांत तिसरा आला तो.